एस नसलेलं पत्र

१

वासुदेवरावांना जाऊन दहा दिवस झाले होते, तेव्हा ते पत्र सापडलं.

मांडवधऱ्याच्या शाळेत त्यांनी एकवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. शिक्षकखोलीतला त्यांचा खण रिकामा करायला घेतला, तर आतून खडूचे तुकडे निघाले, लाल शाईची दौत निघाली, आवळासुपारीची डबी निघाली आणि सगळ्यांच्या खाली घडी घातलेला एक कागद निघाला. इंग्रजीत टाइप केलेला. खाली वासुदेवरावांची सही. मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी तो दोनदा वाचला, दार लोटून घेतलं आणि शिपायाला सरांच्या घरी धाडलं.

घरून आल्या लीलाबाई. वासुदेवरावांची धाकटी बहीण. वर्ध्याला मुलींच्या शाळेत त्याही इंग्रजीच शिकवत. रविवारी सकाळी चपला घालता घालता भावाच्या छातीत कळ आली, तो बाजेवर आडवा झाला आणि उठलाच नाही, असा निरोप आल्यापासून त्या इथंच होत्या. लोक येत, बसत, जात. त्या पाण्याचे पेले पुढे करत. कानात पाणी गेल्यावर आवाज जसे लांबून येतात, तसं सगळं त्यांच्यापर्यंत लांबून येत होतं. पुंडलिकरावांनी कागद पुढे केला, तोही त्यांनी पेल्यासारखाच हातात घेतला.

"आय, वासुदेव, कन्फेस माय गिल्ट," पत्र म्हणत होतं. "आय टुक आउट टू क्वेश्चन पेपर बिफोर द एक्झामिनेशन. आय गेव्ह मेनी इन्फर्मेशन टू माय स्टुडंट जिजा. नोबडी गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस टू डू धिस. आय अलोन ॲम रिस्पॉन्सिबल."

म्हणजे दोन प्रश्नपत्रिका मी परीक्षेआधी काढल्या. माझी विद्यार्थिनी जिजा हिला पुष्कळ माहिती दिली. हे करायचा सल्ला मला कोणी दिला नाही. मी एकटाच जबाबदार.

प्रकरण लीलाबाईंना ठाऊक होतं. मार्चातल्या दहावीच्या परीक्षेला याच शाळेत केंद्र होतं. इंग्रजीच्या आणि गणिताच्या पाकिटांत एकेक प्रश्नपत्रिका कमी भरली, आणि पाकिटांवरची लाखही पुन्हा लावल्यासारखी दिसली. पाकिटांच्या खोलीची किल्ली चौघांच्याच हातात असायची. मुख्याध्यापक, कारकून किसनराव, विज्ञानाचे शिक्षक डोमाजी आणि वासुदेवराव. बोर्डाचा माणूस येऊन जबाब घेऊन गेला होता. छडा लागेपर्यंत सगळ्या केंद्राचे निकाल अडकणार होते.

"सही त्यांचीच आहे बाई. मी एकवीस वर्षं पाहिली," पुंडलिकराव हळू आवाजात म्हणाले. "शनिवारी संस्थेची बैठक आहे. हे बोर्डाकडे पाठवावं लागेल. त्या पोरीचा निकाल रद्द होईल, बाकीच्यांचे सुटतील. आता गेलेल्या माणसाला काय व्हायचं आहे?"

लीलाबाईंनी मान वर केली. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर भिंतीला एक पाटी होती, त्यांनी स्वतः रंगवून घेतलेली. 'ऑल फर्निचर्स आर स्कूल प्रॉपर्टी.' ती त्यांनी वाचली. मग पुन्हा हातातला कागद वाचला.

"सही दादाची आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजी दादाची नाही."

२

"मन ठिकाणावर नसलं की माणूस चुकतो बाई," असं पुंडलिकराव म्हणाले होते. कागदाची नक्कल मात्र त्यांनी तिथंच बसून उतरवून घेतली. बुधवार होता. शनिवारपर्यंत मधे दोन दिवस.

घरी वहिनी, मनकर्णाबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. पुढ्यात सुपात तांदूळ होते. ते त्या निवडत नव्हत्या, नुसता हात फिरवत होत्या. लीलाबाईंनी पत्रातला मजकूर सांगितला. मनकर्णाबाईंचा हात थांबला नाही.

"हे त्यायनं नाई लेहलं," त्या म्हणाल्या.

"मलाही वाटत नाही वहिनी. पण सही?"

"सही काय, कोरीच पडली राहे हापिसात. छाती दुखाले लागली तवापासून दोन-चार कागद सही करून ठेवले होते त्यायनं. सुट्टीच्या अर्जासाठी. एखाद्या दिवशी नाई जमलं, तं वरचं किसनरावानं टाइप करून घ्यावं."

"ते कागद कुठं असायचे?"

"किसनरावाच्या टेबलावर, ट्रेमधी. झाकलेले नाई, लपवलेले नाई. कोनीबी घ्यावं."

बाहेर ओसरीवर कोणीतरी येऊन बसलं, खोकललं. लीलाबाई पाणी द्यायला उठल्या, तशा मनकर्णाबाई मागून बोलल्या. आवाज सपाट होता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

"शनिवारी जेवताना म्हणाले, एका माणसाले सोमवारपर्यंत मुदत देल्ली हाय. तो सोता सांगन तं बरं होईन. मी म्हटलं, कोनाले? तं म्हणाले, तुले कायले पायजे नाव, सोमवारी कळनच."

रविवारी सकाळी ते गेले होते.

लीलाबाईंच्या हातातला पेला भरून वाहत होता. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तरी त्यांना ते बऱ्याच वेळानं समजलं. म्हणजे दादाला नाव ठाऊक होतं. आणि ज्याला मुदत दिली होती, तो माणूस या दहा दिवसांत याच ओसरीवर येऊन बसून गेला असणार.

३

गुरुवारी सकाळी त्या जिजाच्या घरी गेल्या. गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, जंगलाच्या कडेला बारा-पंधरा घरांचा टोला होता, सगळे गोंड. जिजाचा बाप जंगू अंगणात दोर वळत होता. शाळेचा शिपाई आदल्या संध्याकाळीच येऊन पत्राचं सांगून गेला होता. जंगूनं बाज झटकून पुढे केली आणि स्वतः उभाच राहिला.

"बाई, माह्या पोरीचंच नाव काऊन?" त्यानं विचारलं. "पंचेचाळीस पोरं बसले होते."

लीलाबाई बाजेवर टेकल्या.

जिजा घरातून बाहेर आली. सतरा वर्षांची, अंगानं काटक. टोल्यातली दहावीला बसलेली ती पहिलीच मुलगी. नर्सिंगच्या फॉर्मला दहावीची गुणपत्रिका जोडायची होती. फॉर्म तिनं आणून ठेवला होता.

"सर तुला घरी बोलवून शिकवायचे ना?" लीलाबाईंनी विचारलं.

"हो. दर मंगळवारी. शाळा सुटली की."

"काय द्यायचे?"

"चुकलेले वाक्यं देत. म्हणत, चूक हुडक. सापडली नाई तं घरी जाऊ देत नव्हते. एकदा बसून बसून रडली मी, तं काकूनं मले भाकर देल्ली, अन् सर म्हणे, खाय, अन् मंग हुडक."

हे सांगताना ती हसली नाही. लीलाबाईंनी नक्कल तिच्या हातात दिली. जिजा वाचत असताना जंगूचा दोर वळायचा थांबला. पोरीनं स्वतःचं नाव असलेलं वाक्य वाचलं, तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला किंचित काहीतरी हललं. एवढंच. मग तिनं बोट ठेवलं.

"ॲडव्हाइसच्या आंधी ॲन नाई येत. ते मोजाचं नाम नाई. इन्फर्मेशनच्या आंधी मेनी नाई येत, मच पायजे. अन् हे," बोट वरच्या ओळीवर गेलं, "इथं पेपर्स पायजे. एस राह्यला."

"पेपरला एस लागतो का?"

"कागद म्हटला तं नाई लागत. प्रश्नपत्रिका म्हटली तं लागते. सर म्हणत, कागद मोजता येत नाई, तो ताव-ताव मोजा लागते. पण प्रश्नपत्रिका एक, दोन, तीन मोजता येते. शब्द तोच, मतलब दुसरा." तिनं कागद परत दिला. "हे सरायचं नाई, बाई."

परतीच्या वाटेवर लीलाबाई एका मोहाच्या झाडाखाली थांबल्या. ऊन चढलं होतं. पंधरा वर्षं त्या वर्ध्याच्या पोरींच्या वह्या तपासत आल्या होत्या आणि मोजता न येणाऱ्या नामांची चूक कशी होते, ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. मराठीत आपण दोन सल्ले म्हणतो, चार गोष्टींची माहिती म्हणतो. म्हणून आपली माणसं इंग्रजीत सरळ एस चिकटवतात. ॲडव्हायसेस, इन्फर्मेशन्स, फर्निचर्स. शंभरातले नव्वद हेच करतात.

या पत्रात ती चूक नव्हती. एकदाही नाही.

मन ठिकाणावर नसलेला माणूस कुठंही घसरतो. हा घसरला नव्हता. यानं नियम पाळला होता. या नामांना एस लावायचा नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं, इतकं पक्कं की पेपरला हवा असलेला एससुद्धा त्यानं काढून टाकला. पण ॲन लावू नये, मेनी लावू नये, पेपरचे अर्थ दोन, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ज्यानं पत्र लिहिलं, तो अर्धाच धडा शिकला होता.

जिजा मागून धावत आली. तिला धाप लागली होती.

"बाई, एक राह्यलं. गेल्या साली दिवाळीनंतर सर मास्तरायले पन शिकवत होते. शाळा सुटल्यावर, आमच्याच वर्गात. आमी खिडकीतून पाहत होतो. हेच शिकवत होते."

४

कारकून किसनराव टाइपरायटरवर फडकं टाकून डबा खात होते. पन्नाशीचा माणूस, बारीक, चष्म्याला दोरा बांधलेला. लीलाबाईंना पाहून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"हो जी, वर्ग होता ना," ते म्हणाले. "सरायले माह्या पत्रायचा लई ताप होये. म्हणे किसनराव, तुमी शाळेचं नाक कापून राह्यले. मंग म्हणे, बसा, शिकवतो. हेडमास्तरायले पन म्हटलं होतं, पण ते काही आले नाई. आता त्यायनं आपल्या हाताखालच्या माणसापुढं बाकावर कसं बसावं?"

लीलाबाईंना भिंतीवरची पाटी आठवली. ऑल फर्निचर्स. पुंडलिकरावांनी पत्र लिहिलं असतं, तर त्यात एसचा सडा पडला असता.

"तुम्ही वही केली होती?"

"केली ना. माह्याजवळ हाय."

त्यांनी टेबलाच्या खणातून शंभर पानी वही काढली. पहिल्या पानावर वर तारीख आणि खाली सुरेख अक्षरात यादी. इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फर्निचर, लगेज, चॉक, पेपर. यादीखाली लाल शाईनं, वासुदेवरावांच्या हातचं एकच वाक्य होतं. 'या नामांना एस लावायचा नाही.'

लीलाबाई त्या पानाकडे पाहत राहिल्या. ॲन नव्हतं, मेनी नव्हतं, पेपरचा दुसरा अर्थ नव्हता. टाइपरायटर या माणसाचा. कोऱ्या सह्यांची ट्रे याच्या हाताखालची. पाकिटांच्या खोलीची किल्ली याच्याकडे.

"किसनराव," त्या म्हणाल्या, "इतकंच शिकवलं का दादानं?"

किसनरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. सरांच्या खणात काय सापडलं, ते शाळेत सगळ्यांना कळलं होतं. आपल्याला काय विचारलं जातंय, हेही त्यांना आता कळलं. त्यांनी पान उलटलं.

दुसरं पान भरलेलं होतं. 'ए, ॲन लावायचं नाही. मेनी नाही, मच. एक सल्ला म्हणजे अ पीस ऑफ ॲडव्हाइस. पेपर म्हणजे कागद असेल तर मोजायचा नाही, प्रश्नपत्रिका असेल तर मोजायचा आणि एस लावायचा.' खाली किसनरावांनी दहा वाक्यं केली होती. वासुदेवरावांनी दहाही बरोबर म्हणून खुणावली होती.

"आता हे पाहा," किसनराव म्हणाले, आणि जानेवारीपासूनच्या पत्रांच्या कार्बन नकलांची फाइल त्यांनी धाडकन समोर आपटली. "एका जागी चुकलो असन तं दाखवा. सर गेले, त्या दिवसापासून ही मशीन चालवाले मन होत नाई, अन् तुमी मले..."

"चुकलं माझं," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी फाइल चाळली. मच इन्फर्मेशन. टू अप्लिकेशन फॉर्म्स. थ्री क्वेश्चन पेपर्स. एकही चूक नव्हती.

किसनराव चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "ते पत्र मी पाह्यलं. ते माह्यं टायपिंग नाई. पूर्णविराम इतक्या जोरात हाणले हाय का कागदाले भोकं पडले. नवशिक्या असं करते."

"वर्गात आणखी कोण होतं?"

"पहिल्या दिवशी आमी दोघं. दुसऱ्या दिवशी मी एकटाच. त्याच्यानंतर वर्गच बंद पडला."

"पहिल्या दिवशी दुसरं कोण होतं?"

किसनरावांनी नाव सांगितलं. लीलाबाईंना ते नीट ऐकू आलं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं. कारण त्या माणसानं दादाची तिरडी पुढून उचलली होती.

५

शुक्रवारी दुपारी डोमाजी प्रयोगशाळेत एकटेच परीक्षानळ्या धूत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागायची होती, सामान कपाटात घालायचं चाललं होतं. वासुदेवराव आणि ते एकाच वर्षी नोकरीला लागले. दोघांची घरं एका भिंतीची. डोमाजींची मुलगी धुरपता वासुदेवरावांच्या पडवीत खेळून मोठी झाली होती. ती यंदा दुसऱ्यांदा दहावीला बसली होती.

"या ताई. चहा सांगू?"

"नको. बसा, भाऊ."

डोमाजींचे डोळे सुजलेले होते. त्यांनी हात धोतराला पुसले आणि स्टुलावर टेकले.

"दादाच्या इंग्रजीच्या वर्गाला तुम्ही जायचे म्हणे," लीलाबाई म्हणाल्या.

"गेलतो. एकच दिवस. सर शिकवत मस्त. आजवर माह्या ध्यानात हाय, अनकाउंटेबल नामाले एस लावाचा नाई. विज्ञानवाल्याले तेवढं पुरे."

"दुसऱ्या दिवशी का नाही गेलात?"

"दुसऱ्या दिवशी वर्ध्याले गेलतो. ह्याच नळ्या आणाले." त्यांनी नळ्यांकडे हात केला. "काऊन?"

लीलाबाईंनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"मला एक वाक्य इंग्रजीत लिहून द्या, भाऊ. 'त्याने मला एक सल्ला दिला.'"

डोमाजी चकित झाले. मग परीक्षा घेतली जाते आहे, आणि उत्तर आपल्याला येतं आहे, म्हणून त्यांना जरा बरंच वाटलेलं दिसलं. त्यांनी खाली वाकून एकेक अक्षर ठसठशीत काढलं. ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस. पूर्णविराम इतका दाबून दिला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"पाहा. एस नाई लावला."

"हो," लीलाबाई म्हणाल्या. "पण ॲनही लावायचं नसतं, भाऊ. ते दुसऱ्या दिवशी होतं."

६

नळाखाली भांड्यात पाणी भरत होतं. ते वाहायला लागलं, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. लीलाबाईंनी पत्राची नक्कल उघडून त्या वाक्याशेजारी ठेवली. डोमाजींनी दोन्ही कागद पाहिले. नाही म्हणायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"लाखेवरून ओळखलं सरायनं," ते म्हणाले. "मी प्रयोगशाळेतली लाख लावली होती. ती जरा काळपट असते. बोर्डाचा माणूस येऊन गेला, तवा सर काहीच बोलले नाई. शनिवारी मले नाल्यावर घेऊन गेले. म्हणे डोमा, सोमवारी तू सोता जाऊन सांग. मी नाई सांगत. तू सांगितलं तं मी तुह्या बाजूले उभा राहीन."

"आणि तुम्ही?"

"हो म्हटलं. खरंच सांगणार होतो, ताई. शनिवारी माह्या डोयाले डोया नाई लागला. मंग रविवारी सकाळी भिंतीपलीकडून काकूचा आवाज आला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिरडी उचलताना रडलो, ते खोटं नव्हतं. लई रडलो. अन् घरी येऊन आंघोळ केली, अन् मले वाटलं, सुटलो."

ट्रेमधला कोरा कागद त्यांनी चौथ्या दिवशी उचलला होता. किसनराव बाहेर गेले असताना त्यांनी एका बोटानं पत्र टाइप केलं आणि सरांच्या खणात तळाशी ठेवलं.

"धुरपतासाठी?"

"एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा झाली असती, तं तिच्या माईनं तिले शाळेतून काढून पहिल्या पाहुण्याच्या गळ्यात बांधली असती. मी बाप हाय, ताई."

"जंगूही बाप आहे. जिजाचं नाव का घातलंत?"

डोमाजींनी मोडलेली पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"पेपर कोनाले तरी देल्ला, असं तं लेहाच लागत होतं," ते म्हणाले. "तिच्या मांगं कोन हाय? मले वाटलं, कोन विचाराले येते."

या क्षणी आपल्याला संताप यायला हवा, असं लीलाबाईंच्या मनात आलं. त्यांनी वाट पाहिली. काही आलं नाही. टेबलावर नळ्या उलट्या घालून ठेवल्या होत्या आणि एकेकीतून पाणी निथळत होतं, ते त्या पाहत राहिल्या. हा माणूस नोकरीला लागल्यापासून दादाच्या घरी जेवला असेल, शंभरदा, दोनशेदा. त्यानं काय केलं, ते त्यांना समजत होतं. फक्त ते आत कुठंच पोचत नव्हतं.

त्यांनी उठून नळ बंद केला. मोडलेली पेन्सिल बाजूला सारून स्वतःचं पेन पुढे ठेवलं.

"लिहा."

"इंग्रजीत?"

"मराठीत लिहा भाऊ. जिजाचं नाव स्पष्ट लिहा, तिचा काही संबंध नव्हता म्हणून. दादाची मुदतही लिहा."

डोमाजींनी लिहिलं. अर्धा तास लागला. शेवटी सही करताना त्यांनी विचारलं, "काकूले तुमी सांगान, का मी सांगू?"

"तुम्ही सांगा," लीलाबाई म्हणाल्या. "आजच."

ते संध्याकाळी आले. ओसरीवर न बसता उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोमवारपर्यंतची मुदत होती डोमाजी. त्याच्यानंतर एक शुक्रवार गेला. आज दुसरा हाय." आणि आत निघून गेल्या.

७

शनिवारच्या बैठकीत पुंडलिकरावांनी दोन्ही कागद वाचून दाखवले. डोमाजींची नोकरी गेली. केंद्राचे निकाल उशिरा, जुलैच्या शेवटी लागले. जिजा दुसऱ्या वर्गात पास झाली आणि नर्सिंगला गेली. जंगू पळसाच्या पानात चारोळी बांधून घेऊन मनकर्णाबाईंकडे आला, तासभर बसला आणि गेला. बोर्डानं धुरपताचा निकाल तेवढा रद्द केला.

लीलाबाई वर्ध्याला परतल्या. शाळा सुरू झाली. त्या शिकवत, वह्या तपासत, घरी येऊन एका माणसापुरता स्वयंपाक करत. लोक म्हणत, सावरल्या. त्या हो म्हणत.

ऑगस्टातल्या एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर धुरपता उभी होती. चिखल घोट्यापर्यंत, खांद्याला दप्तर, वेणी सुटलेली. मांडवधऱ्याची एसटी सिंदीला बदलून ती एकटीच आली होती.

"आत्याबाई, मले ऑक्टोबरले बसाचं हाय," ती म्हणाली. दाराबाहेरूनच. "इंग्रजी शिकवान का?"

लीलाबाईंचा हात अजून कडीवर होता.

"बाबानं ते पेपर आणून देल्ले ना," धुरपता घाईघाईनं म्हणाली, दार लागायच्या आत सगळं सांगून व्हावं तशी. "मी पाह्यलेच नाई. घडीबी नाई उकलली. बाबा बाहेर गेला, तसे चुलीत घातले. काकायनं शिकोलं होतं, तेवढ्यावरच लेहलं मी. हे मी बोर्डाच्या माणसालेबी सांगतलं. तो म्हणे, पुरावा काय? बाबाले सांगतलं, तं तो तोंड फिरवून बसला. कोनी खरं मानत नाई."

पत्रातला एकेक शब्द लीलाबाईंनी उलटसुलट करून पाहिला होता. वह्या पाहिल्या होत्या, फायली चाळल्या होत्या. इथं पाहायला काहीच नव्हतं. जळालेले दोन कागद आणि एक नापास पोरगी. खरं असेल, नसेल. आपल्या बापाला चोर ठरवणाऱ्या बाईच्या दारात ती शिकायला आली होती, एवढं मात्र डोळ्यांसमोर होतं.

"पुरावा नाई माह्यापाशी," धुरपता पुन्हा म्हणाली.

"नसू दे," लीलाबाई म्हणाल्या. "मी मानते. पाय धू अन् आत येऊन बस."